चांगलं दिसलं ना? मग बोला!

रविवारची उपासना संपते, आशीर्वाद मिळतो, आणि मंडळी फाटकापर्यंत पोहोचायच्या आतच परीक्षण सुरू होतं. उपदेश लांबला. पेटी बेसूर होती. प्रीतिभोजनाचा रस्सा पातळ होता. दोष काढण्यात आपला हात कुणी धरणार नाही! पहाटे येऊन ज्याने सतरंज्या घातल्या, त्याचं नाव मात्र या गप्पांत येत नाही. ते येतं थेट शोकसभेत. तिथे आपण सगळेच एकदम वक्ते होतो.

बंधुभगिनींनो, ही खोड मोडायला हवी.

प्रभू येशू मंदिरात भांडारासमोर बसून बघत होता. धनवान पुष्कळ टाकत होते. एका गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या, आणि त्याने शिष्यांना जवळ बोलावून तिचं दान किती मोठं आहे ते सांगितलं. त्याच्या थोडंच आधी तो विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडला होता. ज्या डोळ्यांना तो अन्याय दिसला, त्याच डोळ्यांना ही विधवाही दिसली.

हे मुद्दाम सांगतो, कारण कौतुकाचा विषय काढला की काहींना वाटतं, आता गैरव्यवहारावर पांघरूण घालायला सांगणार. मुळीच नाही. करिंथची मंडळी गटबाज, एकमेकांना न्यायालयात खेचणारी. तिला खरमरीत लिहिण्याआधी पौल तिच्याबद्दल देवाचे आभार मानतो. गलतीकरांना लिहिताना मात्र आभार गाळून सरळ खडसावतो. खोटी स्तुती त्याला जमत नव्हती, आपणही शिकू नये.

आणि रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय? नुसती नावं आहेत म्हणून आपण तो भराभर उलटतो. एकदा सावकाश वाचा. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी. पौलासाठी जीव धोक्यात घालणारे प्रिस्क आणि अक्विला. प्रभूच्या कामात राबलेल्या त्रुफैना, त्रुफासा, पर्सिस. रूफसची आई, जिला पौल आपलीही आई म्हणतो. वीसहून अधिक नावं, त्यांत बायका बऱ्याच, आणि कितीतरी नावांपुढे त्या माणसाचं काम नोंदलेलं. आपल्या कुठल्या वार्षिक अहवालात भोजनाची भांडी घासणारीचं नाव असतं?

खुद्द पौलाची शिफारसही कुणीतरी केलीच होती. यरुशलेमेत शिष्य त्याला घाबरत होते. कालपर्यंत छळणारा हा माणूस, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेलं आणि दिमिष्कात त्याने किती धैर्याने प्रचार केला ते सर्वांसमोर सांगितलं. प्रत्येक मंडळीला असा एक बर्णबा हवा. टीकाकार आपल्याकडे मुबलक आहेत.

ही नजर कंपाउंडाच्या भिंतीपाशी थांबता कामा नये. रोमी शताधिपतीचा विश्वास पाहून येशूला आश्चर्य वाटलं, आणि असा विश्वास इस्राएलातही आढळला नाही, हे त्याने लोकांसमोर बोलून दाखवलं. इंग्लंडात जन्मलेले फादर स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. 1616 साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त त्यांनी मराठीची तोंड भरून स्तुती केली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघडपणे सांगत. त्यांची गीतं आपण 'उपासना संगीता'तून आजही गातो, आणि शेजारच्या वारकऱ्याचा प्रामाणिकपणा वाखाणताना मात्र जीभ अडखळते. हे कसं काय?

तेव्हा उठा! आजच घरापासून सुरुवात करा. मुलाच्या गुणपत्रिकेत कमी गुणांच्या विषयाआधी त्याने कष्टाने सुधारलेला विषय शोधा. सुनेच्या हातची भाजी आवडली तर ते तिला सांगा, शेजारणीला नव्हे. तरुण संघाने पुढच्या वार्षिक सभेसाठी आपल्या मंडळीचा 'सोळावा अध्याय' लिहून काढावा: कोणी काय केलं, नावानिशी. गुळगुळीत विशेषणं नकोत, काम लिहा. पाळकांनी तो वेदीवरून वाचावा, आणि माणसं समोर बसलेली असताना वाचावा.

एक बजावून ठेवतो. चर्चच्या राखणदाराचा पगार थकवून त्याच्या खांद्यावर शाल घालू नका. आधी पगार द्या, मग शाल घाला.