किडी मोजल्या, माणसे कोण मोजणार?



आपल्या बैठकीत सरकारी नोकरांच्या बाजूने कोणी दोन शब्द बोलायला उभा राहिला, की मागच्या रांगेतून हमखास शिट्टी येते. ती शिट्टी मी स्वतः अनेकदा मारली आहे. १९७२ च्या एकाधिकार खरेदीपासून ग्रेडरच्या टेबलापुढे ज्यांनी गाड्या उभ्या केल्या, त्यांना नोकरशाहीचे गुणगान ऐकवणे सोपे नाही आणि मी ते करणारही नाही. तरी आज माझे म्हणणे असे आहे, की आपल्या भागातला कृषी सहायक, आरोग्य केंद्राचा डॉक्टर, तलाठी, ग्रामसेवक आणि बीटाचा जमादार यांना एका सतरंजीवर आणून बसवणे हे आपल्या चळवळीचे काम आहे. शिट्टी थोडा वेळ राखून ठेवा.

२०१७ चा पावसाळा आठवा. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो इस्पितळात पडले. शेजारच्या जिल्ह्यांतही माणसे गेली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट, अळीची धास्ती, एकाच पंपात दोन-तीन औषधे, आणि नव्या पंपाचा फवारा उलटून तोंडावर. कारणांची ही यादी नंतर सगळ्यांना पाठ झाली. मुंबईहून मंत्री आले, ऑक्टोबरात विशेष चौकशी पथक नेमले गेले, काही औषधांच्या विक्रीवर त्या भागात तात्पुरती बंदी आली. मजुराने तोंडाला फडके बांधले नव्हते, असेही पुष्कळ शहाण्यांनी लिहिले. पऱ्हाटीच्या दाटीत, भर उन्हात, अंगात प्लॅस्टिकचा कोट घालून ज्याने एक तासही फवारलेले नाही त्याला तसे लिहिणे सोपे जाते.

मला या सगळ्यापेक्षा एक दुसरीच गोष्ट टोचत राहिली. पहिले रोगी इस्पितळात येऊ लागले तेव्हापासून सरकार खडबडून जागे होईपर्यंत कित्येक आठवडे गेले. रोग्यांचा ओघ चालूच होता. हे आठवडे कुठे गेले?

आमच्या गावचेच सांगतो. त्या वर्षी आमच्या आळीतला एक पोरगा रोजाने फवारायला गेला. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी. रात्री जीपमध्ये घालून नेला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय फवारलं?" कोणाला सांगता येईना. बाटल्या धुऱ्यावर पडलेल्या, मालक परगावी, दुकानदाराने पक्के बिल दिलेले नाही, कारण माल उधारीचा. जीपमधल्या एकाने सांगितले, "निळ्या झाकणाचं होतं जी." डॉक्टर तरी काय करतील? काही औषधांच्या विषावर अॅट्रोपीन चालते, काहींवर नेमका उतारा असा नाहीच. बाटली समोर असती तर लेबलावर उतारा छापलेला असतो. पोरगा वाचला, पण वर्षभर त्याचे डोळे साधले नाहीत. आणि आमच्या कृषी सहायकाला ही बातमी तिसऱ्या दिवशी लागली, चहाच्या टपरीवर.

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे पाच-सहा गावे होती आणि कोणत्या शिवारात कोणती कीड आहे, लोक काय मारताहेत, हे त्याला नेमके ठाऊक होते. डॉक्टरला रोगी दिसत होते. विषबाधेचा रोगी आला की पोलिसांना कळवावे लागते, म्हणजे जमादाराकडे कागद होता. दुकानाचे साठा रजिस्टर तपासण्याचा अधिकार पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला होता. तलाठ्याला कळायचे ते माणूस मेल्यावर. सरकारला सगळे माहीत होते, भावांनो. फक्त ते पाच खिशांत होते, आणि एक खिसा दुसऱ्याला ओळखत नव्हता.

असे का होते, ते नीट पाहा. तालुक्याला शेतीचे दोन साहेब आहेत. एक राज्याच्या कृषी खात्याचा तालुका कृषी अधिकारी, दुसरा जिल्हा परिषदेच्या बाजूचा, पंचायत समितीत बसणारा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. त्याच्या वरचे ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकाच्या हाताखाली. त्याच्याही वरचे मोठे इस्पितळ, जिथे कॉलेज असते, ते वैद्यकीय शिक्षण खात्याचे. म्हणजे आपला रोगी एका रात्रीत तीन सरकारांच्या हद्दी ओलांडतो. पोलीस चौथे, महसूल पाचवे. प्रत्येक जण आपला अहवाल वर पाठवतो. वर म्हणजे जिल्ह्याला, तिथून पुण्याला, तिथून मुंबईला. शेजारच्या खोलीत बसलेल्याला काही सांगावे असा नियम नाही, आणि नियम नसेल तिथे सवयही नाही.

पूर्वी असे नव्हते, असे म्हातारे सांगतात. १९५२ साली सामुदायिक विकासाची योजना निघाली तेव्हा ग्रामसेवक हा एकच माणूस शेती, आरोग्य, रस्ता, शाळा सगळ्यांत लक्ष घालायचा. त्याचे काम फार भारी चालले असे नाही, पण विचारायला माणूस एक होता. १९६२ च्या १ मेला जिल्हा परिषदा आल्या. पुढे प्रत्येक खात्याने आपापला माणूस गावात धाडला. १९९८ साली कृषी खात्याने आपल्याच पोटातल्या शाखा एका खिडकीत आणल्या. ती खिडकी शेजारच्या घराकडे काही उघडली नाही. आणि आता २०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. पाटी रंगवणाऱ्याचे भले झाले असेल.

सरकारी माणसांना एकमेकांशी जोडताच येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. २००८ साली सोयाबीनवर अळी आली आणि लाखो हेक्टर पीक खाऊन गेली. त्यानंतर २००९ पासून राज्यात क्रॉपसॅप नावाचा प्रकल्प सुरू झाला. कृषी खाते, कृषी विद्यापीठे आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांची एक साखळी तयार झाली. माणसे शिवारात जाऊन ठरलेल्या झाडांवरच्या किडी मोजतात, आकडे वर जातात, तिथले शास्त्रज्ञ बघतात आणि सल्ला खाली येतो. त्यात कापूस आहे, तूर आहे. सल्ला कधी उशिरा येतो, कधी सगळ्यांपर्यंत पोचत नाही, हे खरे. पण तीन वेगळ्या घरची माणसे एका कामासाठी बोलू लागली, एवढे कबूल केले पाहिजे. २०१७ मध्ये ही साखळी जागेवर होती. तिने किडी मोजल्या. फवारणाऱ्या माणसाला मोजणारा तिच्यात कोणी नव्हता, कारण तिच्यात डॉक्टर नव्हता.

दुसरे उदाहरण मराठवाड्याचे आहे. २००२ च्या सुमारास तेव्हाच्या औरंगाबाद विभागात व्ही. रमणी हे विभागीय आयुक्त होते. कुपोषणाने मुले दगावत होती. अंगणवाडीताई एका खात्याची, परिचारिका दुसऱ्या खात्याची. एकीच्या वहीतले मूल दुसरीच्या वहीत नाही. या दोघींना एकत्र आणायचे, मुलांची वजने खरी लिहायची आणि आकडे वाईट निघाले म्हणून कोणाला शिक्षा करायची नाही, अशा वाटेने तिथे काम झाले. त्यातूनच २००५ मध्ये राज्याचे राजमाता जिजाऊ मिशन निघाले. पुढच्या सात-आठ वर्षांत दोन वर्षांखालच्या मुलांची खुंटलेली वाढ राज्यात बरीच कमी झाल्याचे २०१२ च्या पाहणीत दिसले. सगळे श्रेय मिशनला देता येणार नाही, पण दोन वह्या एक झाल्या याला मी फार मोठी गोष्ट समजतो. शिक्षा नाही हे त्यातले खरे मर्म. शिक्षेची भीती असली की नोकर खरा आकडा लिहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, चांगला साहेब आला तर हे होते, आणि चांगला साहेब तीन वर्षांत जातो. बरोबर आहे. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यातच साहेबाचा मुक्काम साधारण तीन वर्षांचा धरला आहे. नगर जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना कलेक्टर असताना त्यांनी कचेरीची घडी अशी बसवली, की 'लखिना पॅटर्न' हा शब्द राज्यभर झाला. त्याचे नाव अजून निघते, पण किती कचेऱ्यांत तो आज दिसतो, हे ज्याने दाखल्यासाठी चार खेपा घातल्या त्याला विचारा. म्हणून मला ही साखळी कलेक्टरच्या टेबलावर बांधायची नाही. ती खालच्या पायरीवर, एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत बांधायची आहे. आणि तिची वही आपल्याकडे राहिली पाहिजे, कारण आपली बदली होत नाही.

नवी समिती काढा असे मी म्हणत नाही. समित्यांचा चहा आपण पुष्कळ प्यायलो. कायदा हाताशी आहे. ग्रामपंचायत कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली. गावात काम करणाऱ्या सरकारी, निमसरकारी नोकरांनी ग्रामसभेला हजर राहणे तिने बंधनकारक केले. आपण त्यांना बोलावत नाही, ते येत नाहीत, आणि सचिव कोरमच्या सह्या गोळा करत फिरतो. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांत १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर आहेत. दोन्ही नेमक्या फवारणीच्या मोसमात पडतात. झेंडावंदन झाले की लाडू खाऊन घरी जाण्याऐवजी तासभर बसायचे आणि एवढेच विचारायचे: गेल्या पंधरवड्यात कोणाकोणाला फवारताना त्रास झाला? डॉक्टर, तुमच्याकडे किती आले? साहेब, तेव्हा लोक काय मारत होते? जमादार, तुमच्याकडे किती कागद आले? चारही उत्तरे एका पानावर, तिथल्या तिथे.

दुसरी मागणी वरची आहे, आणि ती जिल्ह्याच्या मोर्चात घेतली पाहिजे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याचे २६ वे कलम म्हणते, की विषबाधेची प्रत्येक घटना अमुक अधिकाऱ्याला कळवलीच पाहिजे, अशी सक्ती राज्य सरकार अधिसूचना काढून करू शकते. २७ वे कलम त्यावरून औषधाची विक्री तात्पुरती थांबवण्याचा अधिकार देते. पण कळलेच नाही तर थांबवणार काय? ही कळवण्याची वाट तालुक्याच्या पातळीवर चालू आहे का, कोण कोणाला किती दिवसांत कळवतो, हे आपण लेखी विचारले पाहिजे.

मजुराचे तेवढे वेगळे सांगायला हवे. शेतकरी अपघाताच्या अनुदान योजनेत औषधाची विषबाधा बसते, पण ती खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एकासाठी. रोजाने गेलेल्या भूमिहीनाचा सातबारा कुठून आणायचा? पंप आपला, पऱ्हाटी आपली, आणि पाठीवर पंप दुसऱ्याच्या. या वहीत त्याचे नाव आधी लिहिले गेले नाही, तर मोर्चात छाती काढून चालताना मला तरी लाज वाटेल.

आमच्या गावात मागच्या हंगामात हे करून पाहिले. १५ ऑगस्टला बोलावलेल्या पाचांपैकी तीनच आले. आरोग्य केंद्राचे डॉक्टर नवे होते, शहरातले. कृषी सहायकाने पिशवीतून चार रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण कशाचा ते सांगितले. डॉक्टरांनी चारही लेबलांचे मोबाइलवर फोटो घेतले. मग दोघांनी एकमेकांचे नंबर लिहून घेतले. एकाच रस्त्यावर, अर्ध्या मैलाच्या अंतरावर त्यांच्या कचेऱ्या आहेत. त्या दिवसापर्यंत ते कधी भेटले नव्हते.