विश्लेषण : ‘लुआ’ भाषा सोपी, मग नवशिके अडतात कुठे?

एखाद्या विद्यार्थ्याने ‘लुआ’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचे ठरवले, की तो बहुधा तिच्या अधिकृत संकेतस्थळावरील मोफत पुस्तकापाशी येतो. पुस्तक उत्तम आहे, भाषेच्या एका निर्मात्यानेच लिहिलेले. त्यातले यादीची लांबी मोजणारे ‘टेबल.गेटएन’ तो जसेच्या तसे टंकतो आणि आजच्या लुआवर चालवतो. पडद्यावर त्रुटी उमटते. आपलेच काहीतरी चुकले, असे त्याला वाटते. पण चूक त्याची नसते. ते पुस्तक २००३ मधले, लुआ ५.० साठीचे. पुढे ५.१ मध्ये लांबीसाठी ‘#’ हे चिन्ह आले आणि नंतर ते जुने फंक्शन भाषेतून काढूनच टाकले गेले.

लुआ म्हणजे नेमके काय?

‘लुआ’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. रिओ दि जानेरोच्या पीयूसी-रिओ या विद्यापीठात १९९३ मध्ये रोबेर्तो येरुसालिम्स्की, लुईझ एनरिके दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी ती घडवली. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसून काम करणारी ही छोटी, वेगवान भाषा. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाची ॲड-ऑन्स तिच्यात लिहिली जातात, ‘निओव्हिम’ हा संपादक तिच्या मदतीने हवा तसा जुळवता येतो, ‘रॉब्लॉक्स’मधले खेळ तिच्यापासून निघालेल्या ‘लुआउ’त बनतात. पायथनच्या तुलनेत मात्र तिचा गोतावळा लहान. म्हणून अडलेल्याला शेजारी विचारायला माणूस सापडेलच असे नाही. त्याला पुस्तिकेचाच आधार.

मग पुस्तिकेत कमी काय?

लुआची अधिकृत संदर्भपुस्तिका अचूक आहे आणि जाणकाराला आणखी काही नको. पण संदर्भपुस्तिका हा शब्दकोश असतो. पहिलीतल्या मुलाच्या हाती अंकलिपीआधी शब्दकोश दिला, तर दोष मुलाचा म्हणायचा की देणाऱ्याचा? यादीची लांबी हेच उदाहरण घ्या. मधल्या जागा रिकाम्या असतील तर ‘#’ काय उत्तर देईल, हे पुस्तिका ‘सीमा’ या संकल्पनेची व्याख्या देऊन, गणिती अटींच्या भाषेत सांगते. ते बिनचूक आहे. नवशिक्याला मात्र एवढेच हवे असते : यादीत मध्ये ‘निल’ ठेवू नका, ठेवलात तर या लांबीवर भरवसा ठेवू नका.

दुसरा खड्डा व्हेरिएबलचा. ‘लोकल’ लिहिले नाही, तर लुआ ते सर्वत्र दिसणारे, म्हणजे ‘ग्लोबल’ मानते. नाव टंकताना एक अक्षर इकडचे तिकडे झाले, तरी त्या ओळीवर ती काही बोलत नाही, मुकाट्याने ‘निल’ हाती देते. गडबड उघड होते ती दहा ओळींनंतर, भलत्याच जागी. अनुभवी माणूस हे एकदा ठेचकाळून शिकलेला असतो आणि मग विसरून जातो की आपण ठेचकाळलो होतो. म्हणूनच बहुधा अशा गोष्टी लिहायच्या राहतात.

निर्मात्यांची बाजू काय?

तीही ऐकायला हवी. मोफत आवृत्ती जुनी आहे, काही फरक आहेत, ही सूचना संकेतस्थळ देतेच. नव्या आवृत्त्या विकत घ्याव्या लागतात आणि त्या खरेदीतून लुआच्या कामाला हातभार लागतो. ते गैर नाही. मूठभर माणसांनी तीन दशके एक भाषा नेटकी ठेवली, त्यांनीच अंकलिपीही लिहावी, हा आग्रह जरा जास्तच होतो. पण ‘काही फरक आहेत’ हे वाक्य ज्याला फरक आधीच ठाऊक आहेत, त्याच्याच उपयोगाचे. ‘गेटएन’च्या पानावरच ‘आता # वापरा’ अशी एक ओळ घातली, तर मूळ मजकुराला धक्का न लावता विद्यार्थ्याची संध्याकाळ वाचेल. हे काम निर्मात्यांनीच करायला हवे असेही नाही. त्यांनी परवानगी आणि जागा दिली तरी पुरे.

रॉब्लॉक्सने काय वेगळे केले?

तिथे नवी स्क्रिप्ट उघडली की तीत ‘हॅलो वर्ल्ड’ छापणारी ओळ आधीच लिहिलेली असते. बटण दाबले की काहीतरी घडते. पुढचे धडेही ‘हा ठोकळा दिसेनासा करा’ अशा कामांभोवती बांधलेले. शाळकरी मुले तिथे लुआच्याच कुळातली भाषा लिहितात. भाषा सोपी असणे आणि तिचा उंबरठा ठेंगणा असणे या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी पुस्तिकेवर ठरते. तांत्रिक लेखनातली दानिएले प्रोचिदा यांची ‘डायटॅक्सिस’ मांडणीही हेच धरून चालते : धडा, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण या चार वेगळ्या गरजा, त्यांची खिचडी करू नये.

मराठीशी संबंध कसा?

मराठी विकिपीडियावरच्या अनेक माहितीचौकटींमागे लुआच आहे. विकिपीडियावर ती २०१३ पासून वापरात आहे आणि मराठीत तिच्या पानांना ‘विभाग’ म्हणतात. एखाद्या गावाच्या चौकटीत लोकसंख्या चुकीच्या जागी दिसू लागली, तर ती दुरुस्त करू शकेल असा स्वयंसेवक हवा. तो मराठी उत्तम लिहितो, लुआ त्याने कधी पाहिलेली नसते. प्रत्येक विभागाच्या पानावर माहिती लिहायची सोय असते. हा विभाग काय करतो, त्याला काय पुरवायचे आणि एक चालणारे उदाहरण, एवढे तिथे मराठीत असले, तर तो निदान हात घालून पाहील.