काटा खोटं बोलतो तेव्हा

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आज लिहितेय ते रागाने, हे आधीच सांगून ठेवते. विषय घरचाच आहे. माझा भाचा हा ब्लॉग वाचतो. वाचू दे.

त्याचा नारायण पेठेत बाइंडिंगचा व्यवसाय. पुस्तकांचे गठ्ठे पोचवायला एक जुनी पिकअप आहे. कंपनीचं नाव घेत नाही, तिचा यात काही दोष नाही. ड्रायव्हर अकरा वर्षं एकच. एकदा ३० लिटर डिझेल भरल्याची पावती त्याने आणून दिली आणि काटा मात्र जेमतेम पाव टाकी दाखवत होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. झालं! डिझेल विकतोस म्हणून भाच्याने त्याला चारचौघांत सुनावलं, पगारातून पैसे कापले. तो काही बोलला नाही. टेबलावर किल्ली ठेवून निघून गेला.

नवा ड्रायव्हर आला. काटा तसाच! आता चोर कोण?

मग गॅरेज. त्यांनी टाकीतला फ्लोट बदलला. फरक नाही. डॅशबोर्डवरचं मीटर बदललं. फरक नाही. तिसऱ्या खेपेला "सगळं वायरिंगच बदलावं लागेल" म्हणाले. तोवर साडेचार हजार गेले होते. तपासलं काय, तर काहीच नाही.

शेवटी नदीकाठच्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मी खुर्ची टाकून शेजारी बसले होते. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, विज्ञानाशी संबंध नाही, तरी मला सगळं कळलं. टाकीत एक फ्लोट तरंगतो, तो डिझेलबरोबर वरखाली होतो आणि त्याच्या दांड्यामुळे तारेचा रोध बदलतो. त्या रोधाप्रमाणे काटा हलतो. या गाडीत रोध कमी म्हणजे टाकी भरलेली, जास्त म्हणजे रिकामी. (काही गाड्यांत नेमकं उलट असतं.) परतीची वेगळी तार नसते, वीज गाडीच्या लोखंडातूनच परत जाते. त्यालाच अर्थिंग म्हणतात.

त्याने आधी विचारलं, "तापमानाचा काटा नीट आहे ना?" होता. दोन्ही काटे एकदम बिघडले असते तर दोष दोघांच्या सामाईक पुरवठ्यात शोधायचा. मग टाकीवरची तार काढली, काटा शून्यावर गेला. तीच तार लहान बल्ब मध्ये घालून, टाकीपासून दूर, चासीला लावली. काटा हळूहळू वर चढला. म्हणजे मीटर आणि तार दोन्ही ठीक. तार परत जागेवर जोडली, टाकीच्या युनिटपासून चासीच्या स्वच्छ जागेपर्यंत एक वेगळी तार धरली आणि काटा अर्ध्याच्या वर जाऊन थांबला. अर्थिंगच्या बोल्टखाली गंज होता! गंजाचा रोध वाढला, म्हणून भरलेली टाकी रिकामी दिसत होती. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला. वीस मिनिटं लागली असतील. पैसे घ्यायलाच तयार नव्हता.

ओहमने हा नियम १८२७ साली मांडला. आपण तो दहावीला पाठ करतो, गुण घेतो आणि सोडून देतो. भाच्याला विज्ञानात ८७ गुण होते, मला आठवतंय.

आता कुणी म्हणेल, ड्रायव्हर लोक डिझेल विकत नाहीत का? विकतात काही. पण मग मोजा ना! टाकी तोंडापर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा तोंडापर्यंत भरा, किती लिटर गेलं ते पाहा. अ‍ॅव्हरेज रोजचंच निघालं तर चोरी झालेली नाही. हे गणित चौथीतल्या पोराला येतं. ते न करता अकरा वर्षांच्या माणसाला चोर ठरवायचं आणि गंजलेल्या बोल्टला साक्षीदार करायचं, याला काय म्हणावं? हल्ली म्हणे डिझेलचोरी पकडायला सेन्सर मिळतात, मोबाईलवर आलेख येतो. येऊ दे. तोही कुठल्यातरी तारेनेच जोडलेला असणार, आणि तो आलेख दाखवून उद्या कुणाला तरी घालवतील.

मला चीड येते ती याची की भाचा वाईट नाही. ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नात तो पंगतीत वाढायला उभा होता. तरीही काट्याला प्रश्न विचारावा असं त्याच्या मनात आलं नाही. आणि मीही तेव्हा गप्प बसले होते. वाटलं, असेल बुवा, आपल्याला काय कळतंय.

कापलेले पैसे त्याने परत केले आहेत, मोबाईलवरून. "आत्या, झालं ना आता?" म्हणाला. नाही झालं. ड्रायव्हरचं घर पायी पंधरा मिनिटांवर आहे. रविवारी सकाळी मी तिकडे जाणार आहे. यायचं असेल तर त्याने नऊला पत्र्या मारुतीपाशी यावं.