हीटर बदलण्याआधी त्याचे भोक तपासा

पौष-माघाची थंडी पडली की जुन्या डिझेल गाड्या रुसतात. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या भरून पहाटे बाजार गाठायचा असतो आणि दारातली ट्रॅक्स नुसती घरघरते. स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते, मग घरातली चार माणसे अंथरुणातून उठून धक्का मारतात. मेकॅनिक येतो, "हीटर गेले" म्हणतो आणि चार नवे प्लग घालतो. पंधरा दिवस बरे जातात, की पुन्हा तोच खेळ. पैसे गेले ते गेलेच. वस्तीवर ती एकच गाडी असेल आणि रात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून प्लगला दोष देण्याआधी तो ज्या भोकात बसतो ते भोक बघा.

हे कोणत्या इंजिनाला लागू आहे ते आधी सांगतो, नाहीतर कोणी विहिरीवरच्या इंजिनाला हीटर शोधत बसेल! हँडल मारून चालू करायची पंपाची इंजिने आणि आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर यांत डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारले जाते. त्यांना असे प्लग नसतात. काही ट्रॅक्टरांच्या हवेच्या नळीत एक हीटर असतो, पण तो निराळा. आपला विषय आहे तो हेडमध्ये छोटी वेगळी कोठडी असलेल्या इंजिनांचा. बजाज टेम्पोच्या (२००५ पासून फोर्स मोटर्स) जुन्या ट्रॅक्समधले मर्सिडीज घडणीचे ओएम ६१६, महिंद्राच्या १९८० च्या दशकातल्या जीपांतले प्यूजो घडणीचे इंजिन, तसेच जुन्या अँबॅसिडरचे दीड लिटरचे डिझेल इंजिन, ही सगळी त्या जातीची.

डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा दाबली की तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटते. पण या कोठडीच्या गारठलेल्या भिंती ती ऊब पिऊन टाकतात. म्हणून तिथे हीटर प्लगचे टोक लाल करून ठेवायचे, जसा गार चुलीत आधी निखारा ठेवतो तसे. आता हे टोक ज्या भोकातून कोठडीत डोकावते, त्यात आणि टोकात फट अगदी थोडी असते. वर्षानुवर्षे तिथे काजळी साठते आणि दगडासारखी घट्ट होते. मग टोक तिच्यात गाडले जाते. निखारा आहे, पण राखेखाली! प्लगला करंट मिळतो, पण त्याची ऊब फवाऱ्यापर्यंत पोचत नाही. वर नवा प्लग अशा भोकात पान्याने जोर लावून बसवला, तर त्याचे टोक वाकते किंवा तुटते. नवे प्लग लवकर जाण्यामागे दर वेळी कंपनी नसते.

प्लग तपासायला मीटरच पाहिजे असे नाही. एकाच तारेचा, पेन्सिलीसारख्या टोकाचा प्लग असेल तर त्याची वायर सोडवा. १२ व्होल्टच्या बल्बची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी प्लगच्या डोक्याला लावा. बल्ब लागला तर आतली तार शाबूत आहे. त्याहून जुन्या, तारेच्या वेटोळ्याच्या प्लगांची जोडणी माळेसारखी असते. त्यात एक तुटला की चारही थंड पडतात. आणि चारही प्लग चांगले असून गाडी सकाळी पांढरा धूर सोडत मिनिटभर अडखळत चालत असेल, तर हीटरचा करंट प्लगपर्यंत येतो का ते बघून मग भोकाकडे वळा.

काम अवघड नाही, पण घाईचे नाही. आदल्या रात्री प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवा. सकाळी इंजिन कोमट करून घ्या, फार तापलेले नको. बॅटरीची मायनस तार काढा. पंक्चरवाल्याकडची हवा मारून प्लगभोवतीची धूळ-माती उडवा, नाहीतर ती आत पडेल. मग प्लग थोडा सोडवा, थोडा परत आवळा, असे करत करत काढा. अडला तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडून थांबा. टोक आत तुटून राहिले तर हेड उतरवण्यापर्यंत काम जाते.

भोक साफ करायला सायकलची तार किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नये. ड्रिल मशीन तर मुळीच नको. ती क्षणात खोल जाते, आणि मर्सिडीज घडणीच्या कोठडीत फवारा फोडण्यासाठी एक आडवी पिन असते, तिला धक्का लागला तर मोठेच काम निघेल. त्या इंजिनाच्या भोकाच्या मापाचा रीमर मिळतो. जुन्या ट्रॅक्सची कामे करणाऱ्या गॅरेजात विचारा. प्लगच्या बसायच्या उतारापासून टोकापर्यंतची लांबी मोजून तेवढ्यावर रीमरला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे खोलीचा अंदाज चुकत नाही. रीमरच्या खाचांत घट्ट ग्रीस भरा, काजळी त्याला चिकटून बाहेर येते. हाताने, एकाच दिशेने, सावकाश फिरवा. दोन-चार वेढे झाले की बाहेर काढा, पुसा, नवे ग्रीस लावा, पुन्हा घाला. एका भोकाला असे पाच-सहा वेळा करावे लागले तरी कंटाळू नका.

चारही भोके झाली की प्लग न घालताच बॅटरी जोडून, इंजिनाला डिझेल जाणार नाही अशी सोय करून स्टार्टर काही सेकंद फिरवा. सुटी काजळी हवेच्या दाबाने बाहेर उडते. ती गोळीसारखी येते! त्या वेळी कोणी बॉनेटवर वाकून बघू नये, पोरांना तर लांबच ठेवावे.

यानंतरची परीक्षा सोपी आहे. मायनस तार पुन्हा काढून ठेवा आणि प्लग पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी आत जाऊ द्या. तो अखेरपर्यंत सहज गेला तर भोक साफ. मध्येच अडला तर अजून काजळी आहे. शेवटी पान्याने हलका आवळायचा, लांब पाइप लावून नव्हे. आट्यांना तांब्याचे ग्रीस किंचित लावले तर पुढच्या वेळी काढताना दुवा द्याल. टोकाला मात्र ते लागू देऊ नका.

एक जिवाचे सांगतो. गाडी लागत नाही म्हणून एअर फिल्टरजवळ पेटता बोळा धरणारे किंवा हवेच्या नळीत ईथर फवारणारे पुष्कळ आहेत. हीटर तापलेला असताना ईथर आत गेले तर ते भलत्या वेळी भडकते, इंजिन फुटते आणि माणूस भाजतो. त्यापेक्षा उतारावर लावलेली गाडी परवडली.

आता ही काजळी येते कुठून? गळक्या नोझलातून, कोंडलेल्या एअर फिल्टरमुळे, झिजलेल्या रिंगांतून वर येणाऱ्या तेलातून आणि तासन्‌तास गाडी नुसती चालू ठेवण्याने. म्हणून भोके साफ करताना कोणत्या सिलिंडरमधून सर्वांत जास्त काजळी निघाली ते वहीत लिहून ठेवा. एकाच भोकात ढीग असेल तर त्याच सिलिंडरचे नोझल काढून पंपवाल्याकडे तपासायला न्या. चारही भोके सारखीच भरलेली असतील तर आधी एअर फिल्टर उघडा.