क्युरेटिंगचा बागुलबुवा, क्युरेटिंगची घाई

गर्भ पडला की घरात दोन मतं हजर होतात. क्युरेटिंग केलंत तर पुन्हा दिवस राहणार नाहीत, हे एक. पिशवी साफ केल्याशिवाय दिवस राहणारच नाहीत, हे दुसरं. दापोलीजवळच्या मुरुडात जन्मलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवून असल्या विषयांवर उघड लिहिलं. तरी रत्नागिरी जिल्ह्यात हे बोलणं अजून माजघरातच चालतं, आणि जिचा गर्भ पडला तिला त्यात मत नसतं.

दोन्ही मतं चूक आहेत. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ गेला तर सहसा तीन वाटा असतात : आपोआप पडण्याची वाट पाहणं, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, किंवा पिशवी रिकामी करणं. ब्रिटनमध्ये १२०० बायकांची या तीन वाटांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून अभ्यास झाला. २००९ साली पुढचा निष्कर्ष आला : तिन्ही गटांत शंभरातल्या सुमारे ऐंशी जणींना पाच वर्षांच्या आत मूल झालं होतं.

मग भीती आली कुठून? ती अगदीच निराधार नाही. पिशवीचं अस्तर खोल खरवडलं गेलं तर आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात, पाळी कमी होते किंवा थांबते. अ‍ॅशरमन यांनी १९४८ साली याचं सविस्तर वर्णन केलं. पुन्हा पुन्हा क्युरेटिंग झालेल्यांना हा धोका अधिक. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना धातूच्या क्युरेटऐवजी सक्शन वापरायला सांगते. डॉक्टरांना सरळ विचारा, सक्शन करणार की खरवडणार? आपल्याकडे गर्भाशयाच्या क्षयानेही पिशवी आतून चिकटते, हेही विसरू नये.

'नैसर्गिक तेच उत्तम' म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. त्याच अभ्यासात वाट पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के जणींची पिशवी शेवटी रिकामी करावीच लागली. मंडणगड किंवा राजापूरच्या टोकाच्या वाडीत, आषाढातल्या रात्री, अंगावरून जाणं वाढलं तर गाडी कधी मिळणार? हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर? अशा बाईने दिवसाउजेडी सक्शन करून घेणं शहाणपणाचं. दवाखान्याजवळ राहणारीने वाट पाहिली तर तेही योग्यच. तासाला दोन पॅड भिजू लागले, आणि असं सलग दोन तास झालं, किंवा ताप, घाण वास, भोवळ, यातलं काही दिसलं, तर मात्र कोणत्याही वाटेवरची बाई लगेच दवाखान्यात पोचली पाहिजे.

पुढच्या गर्भाशी खरोखर संबंध असलेली एक गोष्ट या साऱ्या चर्चेत हटकून राहते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे तेव्हाच विचारायला हवं. सहा महिने थांबलंच पाहिजे हा नियमही आता ढिला झाला आहे. स्कॉटलंडमधल्या तीस हजारांहून अधिक बायकांच्या नोंदींत लवकर दिवस राहिलेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. प्रकृती सावरली, मन तयार झालं, की पुरे.

सासू आणि नवरा यांनी गाडीची आणि वेळ पडल्यास रक्ताची सोय बघावी. तीनपैकी कोणती वाट घ्यायची, ते डॉक्टरांशी बोलून तिला ठरवू द्यावं.