दान हवं, पेला नको



परदेशी असलेल्या आपल्या लेकीसुनांना एक प्रश्न हल्ली वारंवार पडतो. ऑफिसातली मंडळी धर्मादायासाठी एखादा कार्यक्रम करतात आणि त्यात दारू असते. जावं की नाही? माझी भाची इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला नोकरी करते. तिने विचारलं, "मावशी, आमची टीम पबमधून पबमध्ये पळण्याच्या शर्यतीत उतरतेय. पैसे आजाऱ्यांना जाणार आहेत. मी नाव देऊ का?"

ही प्रथा तिकडे जुनी आहे. तिच्याच भागात ऑक्सनहोप नावाचं गाव आहे. दोन गावकऱ्यांच्या पैजेतून 1975 मध्ये तिथे शर्यत सुरू झाली. चित्रविचित्र कपडे घालायचे, पेंढ्याचा गठ्ठा खांद्यावर घ्यायचा, चढाच्या रस्त्याने पळायचं आणि वाटेतल्या पाच पबमध्ये बिअर प्यायची. त्यातून जमलेला पैसा मॅनरलँड्स या स्थानिक हॉस्पिसला देत आले. हॉस्पिस म्हणजे जिथे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना कमी करून त्यांची शेवटपर्यंत सेवा करतात ती जागा. आपल्या भाषेत हे वैयावृत्त्यच. या कामाला नाक मुरडायचं कारण नाही.

पण मद्यत्याग हा श्रावकाच्या मूलगुणांतला आहे. पाहुणचार म्हणून, गंमत म्हणून किंवा दानासाठी म्हणून त्याला सवलत नाही. भाची म्हणते, "मी फक्त सरबत घेईन." ठीक, मग कृत टळलं. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे तीन हिशेब मांडतात. शर्यतीत प्यायल्याशिवाय पुढे जायचं नसेल, तर तिच्या टीमचा प्रत्येक पेला तिच्याही खात्यावर थोडा लिहिला जातोच. टीम जिंकली तर टाळ्या ती कशासाठी वाजवणार?

मी बी.कॉम. झालेली बाई, म्हणून पैशाचाही हिशेब करते. पेल्याची किंमत पबवाल्याच्या गल्ल्यात जाते. रुग्णांसाठीचा पैसा येतो तो धावणाऱ्याच्या ओळखीच्यांनी दिलेल्या देणगीतून. म्हणजे पिणं आणि देणं ही खाती वेगळी आहेत. दुसरं खातं चालवायला पहिलं उघडावं लागत नाही. तिकडे कर भरणाऱ्याने गिफ्ट एडचा फॉर्म भरून 100 पौंड दिले, तर सरकारकडून आणखी 25 पौंड संस्थेला मिळतात. एक थेंब न पिता 125 पौंड!

"पण दारू नसती तर एवढी माणसं जमली असती का?" असं कुणी विचारेल. कदाचित नसती. म्हणूनच तर स्पर्धक म्हणून आपलं नाव नको असं मी म्हणते. मात्र त्यांना हसण्याआधी आपल्या मंदिरात बघू या. अभिषेकाच्या बोली लागतात, आकडा चढतो तशी मान वळते, संगमरवरावर नाव कोरलं जातं. आपल्याही दानाला थोडा तमाशा लागतोच की! गुप्तदान किती जणी करतो? त्यांचा पेला चुकीचा, पण आपला मानाचा हार मोहाचाच.

आणि "त्या लोकांत जाऊच नकोस" हा सल्लाही मला पटत नाही. परक्या मुलखात पोरगी एकटी पडली, की धर्म आणखी दूर जातो. तिने काय करू नये हे सांगताना काय करावं तेही सांगायला हवं.

म्हणून भाचीला मी असं सांगितलं: शर्यतीत नाव देऊ नकोस. आयोजकांना विचारून रस्त्याच्या कडेला पाणी वाटायला उभी राहा, देणगीचा डबा हातात घे, हिशेब लिहायला बस. आपली देणगी थेट दे. कुणी कारण विचारलं तर तोंड लपवू नकोस, सरळ सांग, आमच्यात चालत नाही. आणि जमलं तर एखाद्या रविवारी त्या रुग्णांना भेटून ये. शर्यत एका दिवसात संपते, त्यांना माणूस मात्र रोज लागतं.

तुमच्या घरी असा प्रश्न आला, तर लेकीला नुसतं "नाही" म्हणून फोन ठेवू नका. तिला दुसरी वाट दाखवा.