विश्लेषण : ‘ब्लॅक मिरर’मधला ‘रेंज’ जाण्याचा प्रसंग भोर-वेल्ह्यात इतका ओळखीचा का वाटतो?

‘रेंज गेली वाटतं तिची.’

‘ब्लॅक मिरर’ मालिकेतल्या ‘कॉमन पीपल’ या भागावर मी ऐकलेली ही सर्वांत नेमकी प्रतिक्रिया. ती दिली भोरच्या माझ्या मामीने. गेल्या दिवाळीत मामेभाऊ डब्याला मोबाइल टेकवून हा भाग पाहत होता आणि आम्ही दोघे फराळाच्या ताटावरून मामीला मधूनमधून अर्थ सांगत होतो. मामीला इंग्रजी येत नाही. पडद्यावर नवरा-बायको लग्नाचा वाढदिवस साजरा करायला निघतात आणि वाटेत बायको एकाएकी बेशुद्ध होते. आम्ही काही सांगायच्या आतच मामी हे बोलून गेली. आणि कथेत खरोखर तेच घडलेले असते.

गोष्ट नेमकी काय आहे?

चार्ली ब्रूकर यांची ‘ब्लॅक मिरर’ २०११ मध्ये ब्रिटनच्या ‘चॅनल फोर’वर सुरू झाली, २०१६ पासून ती नेटफ्लिक्सवर आहे. प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र. तंत्रज्ञान थोडेसेच पुढे सरकले तर माणसाचे काय होईल, असा प्रत्येक वेळचा प्रश्न. सातवे पर्व १० एप्रिल २०२५ रोजी आले. ‘कॉमन पीपल’ हा त्याचा पहिला भाग. यातल्या भूमिकेसाठी रशिदा जोन्स यांना एमी पुरस्काराचे नामांकनही मिळाले.

अमांडा शाळेत शिकवते, तिचा नवरा माइक वेल्डिंगचे काम करतो. अमांडाच्या मेंदूत गाठ निघते. ‘रिव्हरमाइंड’ नावाची कंपनी उपाय सांगते : मेंदूच्या त्या भागाची प्रत आमच्या सर्व्हरवर ठेवू, गाठ काढलेल्या जागी कृत्रिम ऊती बसवू आणि तेवढे काम सर्व्हरवरून चालवू. शस्त्रक्रिया फुकट. फक्त महिन्याला ३०० डॉलर वर्गणी. माइक लगेच हो म्हणतो. त्याच्या जागी कोणीही हो म्हणेल.

मग प्लॅन बदलत जातात. कंपनीच्या नेटवर्कची हद्द ओलांडली की अमांडा बेशुद्ध. हद्द वाढवून हवी असेल तर महागडा ‘प्लस’ घ्या. तो न घेणाऱ्या अमांडाच्या तोंडून तिच्या नकळत जाहिराती बाहेर पडू लागतात, तेही वर्गात, मुलांसमोर. तिची झोप वाढते, तरी थकवा जात नाही, कारण झोपेत कंपनी तिचाच मेंदू स्वतःच्या कामाला लावते. जादा पैशांसाठी माइक काय काय करतो, ते इथे सांगत नाही. शेवटही नाही. रात्री झोपण्याआधी पाहू नका, एवढेच.

प्रेक्षक काय म्हणाले?

अमेरिकेतल्या प्रेक्षकांना यात त्यांची महागडी आरोग्यव्यवस्था दिसली. आपल्याकडच्या शहरी प्रेक्षकांना दिसल्या जाहिराती. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विनोद चालला होता. कोणी काही बोलायला लागला की दुसरा मध्येच एखाद्या टूथपेस्टची जाहिरात टाकायचा. पॉडकास्टचा निवेदक बोलता बोलता जाहिरात वाचू लागतो, त्यावरून ही कल्पना सुचल्याचे ब्रूकर यांनी सांगितले आहे. त्यामुळे तो विनोद अगदीच आडवाटेचा नव्हता.

चिडायला कारणही आहे. वर्गणी भरूनही अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर भारतात १७ जून २०२५ पासून जाहिराती दिसू लागल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये, असा पर्याय पुढे आला. नेटफ्लिक्सने स्वतः नोव्हेंबर २०२२ पासून अमेरिकेसह काही देशांत जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आणला आहे. म्हणजे टीकाही त्यांचीच आणि दुकानही त्यांचेच. हा टोमणा बहुतेकांनी मारून झाला आहे.

पण या प्रतिक्रियांत एक गोष्ट निसटते. ओटीटी परवडले नाही तर बंद करता येते. भारतात नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन १४९ रुपयांना आहे, तो न घेतल्याने कोणाचे काही अडत नाही. अमांडाला मात्र बाहेर पडायची सोयच नाही. या भागातली भीती जाहिरातीची नाही. जे सोडता येत नाही, त्याच्या अटी दुसरा कोणी ठरवतो आणि हवे तेव्हा बदलतो, याची ती भीती आहे. मामीला ती चटकन समजली, कारण तिचे माहेर वेल्ह्यात आत, डोंगराच्या कुशीत आहे.

डोंगर आणि टॉवर

वेल्हे म्हणजे कागदोपत्री आताचा राजगड तालुका. लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच. नसरापूरवरून आत वळून वेल्हे ओलांडले आणि केळदच्या दिशेने निघाले की फोनवरच्या काड्या एकेक करून गळू लागतात. भोरहून वरंध घाटाकडे जातानाही नीरा-देवघर धरणाच्या कडेने हाच अनुभव येतो.

मी शिकले इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, नोकरी बातम्यांची. त्यामुळे थोडे समजावून सांगण्याची खोड आहे. मोबाइलच्या लहरी बऱ्याच अंशी सरळ रेषेत जातात. मध्ये सह्याद्रीची सोंड आली की पलीकडे जणू सावली पडते. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि अडथळ्यांभोवती थोड्या वळतात. २३०० मेगाहर्ट्झच्या लवकर दम टाकतात. तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच. त्याच्या पायथ्याच्या प्रत्येक खोऱ्याला वेगळा टॉवर हवा, त्या टॉवरपर्यंत फायबर किंवा मायक्रोवेव्ह जोडणी हवी आणि पावसाळ्यात वीज गेली तर बॅटरी हवी. एवढे करून खाली वाडी असते वीस-पंचवीस घरांची. कंपनीचा हिशेब तिथेच संपतो.

यात तंत्रज्ञानाला न जमण्यासारखे काही नाही. पानशेत-वरसगावचे पाणी पुण्याला जाते, भाटघरचे कालव्यांतून बारामती-फलटणकडे जाते. डोंगरातून बाहेर न्यायचे असेल तेव्हा सगळे जमते.

वर्गणी कशाची?

मामीच्या भावजयीचा फोन घरात एका ठरावीक कोनाड्यात उभा असतो. तिथे कधी रेंज येते, कधी नाही. ओटीपी हवा असेल तर मागच्या टेपाडावर चढायचे. फॉर्म भरणारा पोरगा वेल्ह्यात बसलेला, ओटीपी येणार टेपाडावर, तो खाली कळवेपर्यंत मुदत संपलेली. पुन्हा नवा ओटीपी. एका कामासाठी ती तीनदा चढली. मामी हे हसत सांगते. मला हसू आले नाही.

आता सरकारी कामे पाहा. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये चालू राहण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात महिलेच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर एक ओटीपी आणि पतीच्या किंवा वडिलांच्या मोबाइलवर दुसरा. नवरा पुण्यात कंपनीत असेल तर दोन फोन, दोन ठिकाणे आणि दोघांनाही एकाच वेळी रेंज हवी. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर बोट ठेवायचे, त्यालाही नेटवर्क लागते.

आणि नंबर जिवंत ठेवायला रिचार्ज लागतो. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा १५५ रुपयांचा २८ दिवसांचा प्लॅन १८९ ला गेला, एअरटेलचा १७९ चा १९९ ला. त्यात डेटा असतोच. डेटा पोहोचत नाही अशा वाडीतली बाईही डेटाचे पैसे भरते, ओटीपीपुरता नंबर राहावा म्हणून. माइकच्या ३०० डॉलरशी रकमेची तुलना होणार नाही. व्यवहाराची होते.

‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल आणि एसएमएसचे प्लॅन देणे कंपन्यांना बंधनकारक केले, हे चांगले झाले. त्यानंतर जिओचा ४४८ आणि एअरटेलचा ४६९ रुपयांचा, दोन्ही ८४ दिवसांचे, असे प्लॅन आले. पण मजुरीवर जगणाऱ्या घराला ८४ दिवसांचे पैसे एकदम काढणे अवघड जाते. २८ दिवसांचा, खरोखर स्वस्त, केवळ कॉल-एसएमएसचा प्लॅन प्रत्येक कंपनीने द्यावा, असा नियम हवा.

रेंजचे काय? केंद्राने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपये मंजूर करून देशातल्या २४,६८० नेटवर्क नसलेल्या गावांत फोर-जी नेण्याचे ठरवले. मात्र अशा याद्या गावाच्या पातळीवर होतात आणि वेल्ह्यात गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेल्या वाड्या. गावठाणात दोन काड्या दिसल्या की कागदावर गाव ‘कव्हर’ झाले. मोजणी वाडीनिहाय व्हायला हवी आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला हवेत.

टॉवर उभा राहीपर्यंत ओटीपीला दुसरा मार्ग असला पाहिजे. तो अशक्य नाही. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत पती किंवा वडील हयात नसलेल्या महिलांनी कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत, अशी सोय सरकारने नंतर केलीच. मग वाडीत रेंज नाही, हे कारण सेविकेच्या किंवा ग्रामसेवकाच्या सहीने का चालू नये? रिव्हरमाइंड ही खासगी कंपनी होती, तिने हद्दीबाहेरच्या गिऱ्हाइकाला ‘प्लस’ घ्या म्हणून सांगितले. सरकारने ओटीपी सक्तीचा केला असेल, तर रेंज नसलेल्या वाडीची जबाबदारी सरकारची आहे, टेपाड चढणाऱ्या बाईची नाही.

मामीने तो भाग पुरा पाहिला नाही. भावजय संध्याकाळी गुरे आणायला वर जाते तेव्हाच तिचा फोन लागतो आणि ती वेळ झाली होती.